घाटमाथ्याचे बंदर : आगबोट, बेटे आणि विलासनौका

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सुखवस्तू मराठी कुटुंबांच्या पर्यटनात एक नवा प्रकार रूढ झाला आहे. तो म्हणजे उष्ण प्रदेशातील बेटांमधून लहान विलासनौकेने केलेली सफर. अंदमान, लक्षद्वीप, मालदीव, सेशेल्स ही नावे आता आपल्या घरांतील बोलण्यात सहज येतात. परगावी किंवा परदेशी स्थायिक झालेली मुले आईवडिलांच्या साठीला, नाहीतर लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला अशी सफर भेट म्हणून देतात. तीन-चार हजार उतारू घेऊन जाणारे प्रचंड पर्यटक जहाज हे एक तरंगते शहरच असते; त्याला खोल पाणी लागते आणि मोठा धक्का लागतो. लहान नौकेचे तसे नाही. तिच्यावर शे-दीडशे माणसे असतात. ती उथळ पाण्यात शिरते, बेटासमोर नांगर टाकते, होड्यांतून उतारूंना किनाऱ्यावर पोचवते आणि दिवस मावळताना परत आणते. पॅसिफिक महासागरातील गालापागोस बेटांवर तर एका नौकेतून शंभराहून अधिक पर्यटक नेण्यास मनाई आहे. तिथे नौकेचे लहानपण हा नियमच होऊन बसला आहे.

अशा सफरींबद्दल बोलताना बेळगाव-निपाणीकडील आपली जुनी घराणी एक वाक्य हमखास उच्चारतात : ‘आपण घाटावरची माणसे, समुद्राशी आपला काय संबंध?’ हे वाक्य विनयाचे असले तरी इतिहासाला धरून नाही. आपल्या या दोन्ही गावांचा समुद्राशी जुना आणि व्यवहाराचा संबंध होता. बेटांच्या सोबतीने, बंदरोबंदर थांबत जाणारी लहान बोट ही वस्तू आपल्या किनाऱ्याला सुमारे शंभर वर्षे परिचित होती. ती कशी आली, कशी गेली आणि जाताना काय घेऊन गेली, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम रस्त्यांकडे पाहू. बेळगावहून पश्चिमेला निघणारा, शिनोळीवरून चंदगड तालुक्यात शिरून आंबोली आणि सावंतवाडी करीत समुद्राला भिडणारा रस्ता ‘बेळगाव-वेंगुर्ले’ रस्ता म्हणून ओळखला जातो. निपाणीहून मुधाळतिट्टा, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट आणि नांदगाव करीत उतरणाऱ्या रस्त्याचे नाव ‘देवगड-निपाणी’ आहे. रस्त्याला त्याच्या दोन टोकांवरून नाव पडते आणि ती टोके लोकांच्या व्यवहारातून ठरतात. या दोन्ही रस्त्यांचे वरचे टोक घाटमाथ्यावरची पेठ आहे, तर खालचे टोक बंदर आहे. मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी वर यावी आणि धान्य, गूळ, कापूस खाली जावा, हा या वाटांचा जुना क्रम. आंबोलीचा गाडीरस्ता होण्यापूर्वी हीच ये-जा रामघाटाने बैलांच्या पाठीवरून चाले. सीमाभागातील मराठी घराण्यांची आडनावे पाहिली तरी हे ध्यानात येते. बांदेकर, पेडणेकर, मालवणकर, वेंगुर्लेकर ही आडनावे धारण करणारी माणसे याच वाटांनी केव्हातरी घाट चढून आली. कुलदैवत खाली आणि घरदार वर, अशी अनेकांची अवस्था आजही आहे.

वेंगुर्ले हे काही साधेसुधे मासेमारीचे गाव नव्हते. सतराव्या शतकात डचांनी तेथे वखार घातली आणि गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यासाठी तिचा उपयोग केला. त्या वखारीचे भग्न अवशेष अजून उभे आहेत. १८१२ साली सावंतवाडी संस्थानाकडून हे बंदर इंग्रजांच्या हाती गेले. पुढे १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला पडला, येथे छावणी वसली आणि मग मुंबई व बेळगाव यांना जोडणारा सोईचा मार्ग म्हणजे मुंबई ते वेंगुर्ले समुद्राने आणि वेंगुर्ले ते बेळगाव घाटाने, असे ठरून गेले. गोरी पलटण, तिचे सामान, कागदपत्रे आणि साहेबांची बिऱ्हाडे या वाटेने वर आली. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सदर्न मराठा रेल्वेचे रूळ बेळगाव-लोंढ्यापर्यंत आले, पलीकडे मार्मागोव्यापर्यंत जोडले गेले, आणि वेंगुर्ल्याच्या व्यापाराला ओहोटी लागली. म्हणजे सत्तर वर्षांच्या आसपास वेंगुर्ले हे बेळगावचे बंदर होते.

या बंदरापर्यंत मुंबईहून येणारा सागरी मार्ग बेटांनी भरलेला आहे, ही गोष्ट नकाशावर पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. मुंबईचे बंदर सोडले की खांदेरी आणि उंदेरी ही जुळी बेटे लागतात. पुढे राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा आणि त्याच्या वायव्येला कासा बेटावरील पद्मदुर्ग. हर्णैसमोर सुवर्णदुर्ग. मालवणसमोर कुरटे बेटावरील सिंधुदुर्ग. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात दूरवर दिसणारे, दीपगृह असलेले खडकांचे पुंजके. त्यांच्या गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. आणखी दक्षिणेला कारवारजवळचे अंजदीव, आणि त्याही खाली मुर्डेश्वरसमोरचे नेत्राणी. विलासनौकांच्या जाहिरातींत जी चित्रे असतात, तीच ही. निळे पाणी, काळा खडक, माडांची रांग, बेटावरची पडकी तटबंदी, यांपैकी काही उणे नाही.

मात्र या बेटांवर त्या काळी हौसेने कोणी जात नसे. ज्याच्या हाती बेट, त्याच्या हाती खाडी आणि खाडीतून होणारा व्यापार, असा हिशेब होता. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ केला आणि १६७९ मध्ये खांदेरीवर तट उभारण्याचे काम हाती घेतले. त्या वेळी मुंबईकर इंग्रज आणि सिद्दी या दोघांनीही विरोध केला. पण खांदेरी मराठ्यांकडेच राहिली, आणि सिद्दीने त्यावर उपाय म्हणून शेजारची उंदेरी धरली. मैल-दीड मैलाच्या अंतरावरील दोन बेटे एकमेकांवर तोफा रोखून वर्षानुवर्षे बसली. पुढे कान्होजी आंग्रे यांनी कुलाबा, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग यांच्या आधारे हा सारा किनारा आपल्या परवान्याखाली आणला. त्यांचे निधन १७२९ साली झाले. आज खांदेरीला त्यांचेच नाव दिलेले आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घातले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार या किनाऱ्यावरचे आहेत. त्यांपैकी विजयदुर्ग भूशिरावर उभा आहे. बाकी तिन्ही बेटांवरचे.

याच मार्गाच्या दक्षिण भागातून झालेला एक समुद्रप्रवास आपल्या इतिहासात अनन्य आहे. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः मालवणहून जहाजात चढले. कारवारच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रव्यवहारात या आरमाराची मोजदाद आहे : पंच्याऐंशी लहान गलबते आणि तीन मोठी जहाजे. गोवा डावीकडे टाकून, अंजदीव आणि नेत्राणी ही बेटे ओलांडून आरमार बिदनूरकरांच्या बसरूर या संपन्न बंदरावर उतरले. तेथील लूट घेऊन परतताना महाराजांनी गोकर्णास महाबळेश्वराचे दर्शन घेतले, अंकोल्यावरून ते कारवारास आले आणि तेथील व्यापाऱ्यांकडून खंडणी वसूल केली. इंग्रजांच्या वाट्याला त्यातले एकशे बारा पौंड आले. आज ज्याला आपण कर्नाटकाचा किनारा म्हणतो, त्या किनाऱ्यावर मराठी आरमार आले ते असे. सीमाभागातील वाचकाने हा प्रवास विशेष लक्षात ठेवावा. कारण घाटमाथ्यावरून पाहणाऱ्याला मालवण आणि गोकर्ण ही दोन वेगळ्या राज्यांतील दोन टोके वाटतात. समुद्रावरून पाहणाऱ्याला ती एकाच वाटेवरची मुक्कामाची ठिकाणे दिसतात.

बेटाचे सौंदर्य आणि बेटाचा धोका एकाच ठिकाणी कसे नांदतात, याचे उदाहरण अंजदीव हे आहे. पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली. ती ताब्यात घेण्यासाठी १६६२ मध्ये सर अब्राहम शिपमन सुमारे चारशे सैनिक घेऊन आला. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ताबा देण्यास टाळाटाळ केली, तेव्हा या पलटणीला अंजदीव बेटावर तळ द्यावा लागला. पावसाळे गेले, रोगराई पसरली आणि शिपमनसह बहुतेक पलटण त्या बेटावरच संपली. उरलेल्या मूठभरांनी १६६५ मध्ये मुंबई घेतली. माडांनी भरलेल्या ज्या बेटावर चार घटका उतरण्यासाठी आजचा प्रवासी पैसे मोजील, तेथून सुटका व्हावी म्हणून ती माणसे तडफडली.

असो. हौसेचा नसला तरी नित्याचा सागरी प्रवास सामान्य माणसाच्या आटोक्यात आला तो आगबोटीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकण किनाऱ्यावर शेपर्ड कंपनीच्या आगबोटी सुरू झाल्या. पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने हा व्यवसाय चालविला, तरी लोकांच्या तोंडी ‘शेपर्ड’ हेच नाव राहिले. स्वदेशी चळवळीच्या वाऱ्यात तिला प्रतिस्पर्धी उभी राहिली ती एतद्देशीय भागभांडवलावरची सहकारी कंपनी. कोकणी माणसाने तिचे नाव ‘माझी आगबोट कंपनी’ असे केले. ‘माझी’ या एका शब्दात केवढा अभिमान होता! तिच्या बोटींची नावेही ‘तुकाराम’, ‘रामदास’ अशी घरची होती. परक्या कंपनीच्या मक्त्याला आव्हान देण्याचे हेच काम मोठ्या समुद्रावर वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंदिया कंपनी काढून केले. तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले, आणि तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. बॉम्बे स्टीम कंपनीही कालांतराने सिंदियाच्याच छत्राखाली आली.

या आगबोटींचा क्रम आजच्या वाचकाला सांगितला पाहिजे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत, रात्र धरून जवळजवळ एका दिवसात पणजीला पोचे. यांपैकी बहुतेक बंदरांत बोटीला धक्क्याशी लागता येत नसे. खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला, म्हणून बोट बाहेर समुद्रात नांगर टाकी आणि भोंगा देई. मग किनाऱ्यावरून पडाव निघत. लाटेबरोबर पडाव वर आला की नेमक्या त्या क्षणी खलाशी उतारूचा दंड धरून त्याला शिडीवर ओढीत. म्हातारी माणसे, तान्ही मुले, पत्र्याच्या ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्यांचे खुराडे, सारे याच रीतीने चढे-उतरे. डेकवर ज्याची वळकटी आधी पसरली त्याची जागा. जूनपासून समुद्र खवळला की फेऱ्या बंद आणि पावसाळा ओसरला की पुन्हा चालू. ‘बोट लागणे’ हा वाक्प्रचार याच डेकवर रुळला. पुढे घाटातली एस.टी. आली तेव्हा त्याचीच ‘गाडी लागणे’ झाली.

आजच्या विलासनौकेच्या माहितीपत्रकाशी हे वर्णन ताडून पाहावे. बोट लहान, थांबे अनेक, बेटाजवळ किंवा बंदराबाहेर नांगर, होडीतून किनाऱ्यावर उतरणे, रात्री डेकवरून चांदणे पाहणे, हे सारे दोहोंत समान आहे. गादी, पक्वान्ने आणि भाडे तेवढे वेगळे. एक पिढी जिला हालअपेष्टा म्हणत होती, तिलाच पुढची पिढी अनुभव म्हणते आणि त्याचे मोल देते. यात कोणाला हसण्याचे कारण नाही. पण समानता आहे हे विसरू नये.

हालअपेष्टा हा शब्दही सौम्य वाटावा असे प्रसंग या मार्गाने पाहिले आहेत. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी अवेळी उठलेल्या वादळात ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन्ही बोटी बुडाल्या आणि अनेक माणसे गेली. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक उतारूंना जलसमाधी मिळाली. स्वातंत्र्य अवघ्या चार आठवड्यांवर आले होते. मुंबई अगदी जवळ होती, तरी शहराला बातमी कळली ती कसेबसे तरून आलेल्यांकडून. रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या मचव्यांतून अनेकांचे प्राण वाचविले, ही गोष्ट त्या दुर्घटनेबरोबर नेहमी सांगितली गेली पाहिजे. संतांच्या नावाच्या दोन बोटी समुद्राने नेल्या, तरी लोकांनी आगबोट सोडली नाही. कारण किनाऱ्याला दुसरी वाट नव्हती.

स्वातंत्र्यानंतरच्या दीड दशकात या सागरी वाटेच्या भोवतालचा नकाशाच बदलला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेली. वेंगुर्ले आणि देवगड मुंबई राज्यात राहिली आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आली. ज्या दोन रस्त्यांचा वर उल्लेख केला, त्या दोहोंचे वरचे टोक एका राज्यात आणि खालचे टोक दुसऱ्या राज्यात पडले. सीमाप्रश्नाची चर्चा आपण नेहमी गावे, भाषा आणि लोकसंख्या यांच्या अंगाने करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु पेठ आणि तिचे बंदर यांची ताटातूट ही या प्रश्नाची एक बाजू आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच गेले आहे. राज्याच्या योजना आपापल्या हद्दीत आखल्या जातात. बंदराचा विकास एका राजधानीत ठरणार आणि बंदरावर अवलंबून असलेल्या पेठेचा दुसऱ्या, अशी स्थिती आली की त्या दोहोंना जोडणाऱ्या वाटेचा वाली कोणीच राहत नाही. शासकीय कामकाजाची ज्यांना माहिती आहे त्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

गोवामुक्तीच्या लढ्याशीही या किनारी बोटींचा एक दुवा आहे. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीववरील पोर्तुगीज शिबंदीने जवळून जाणाऱ्या ‘साबरमती’ या भारतीय प्रवासी बोटीवर गोळीबार केला. भारत सरकारचा संयम संपण्यास जी कारणे घडली, त्यांत हे एक होते. डिसेंबरात सैन्य हालले. त्यातील एक मोठा भाग बेळगावच्या तळावर गोळा झालेला होता. १८ डिसेंबरला अंजदीववर उतरताना नौदलाचे सात जण कामी आले. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. बेळगावच्या रस्त्यांवरून रात्रंदिवस गेलेल्या लष्करी गाड्यांची आठवण आपल्या वडीलधाऱ्यांनी जपली आहे. त्या गाड्या हलण्यामागे एका साध्या प्रवासी बोटीवरचा गोळीबारही होता, ही जोड त्या आठवणीला देण्यासारखी आहे.

मुक्त गोव्याबरोबर मुंबई-पणजी बोटीला नवे दिवस आले. चौगुल्यांच्या आणि नंतर मोगल लाइनच्या बोटी धावू लागल्या. ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावे साठी ओलांडलेल्या कोकणवासीयांच्या ओठांवर अजून आहेत. पण रस्ते सुधारले, खाड्यांवर पूल झाले, एस.टी. गावोगाव पोचली आणि एकेक बंदर वेळापत्रकातून गळू लागले. नव्वदीच्या दशकाच्या आरंभापर्यंत ही सेवा संपली होती. १९९४ मध्ये ‘दमानिया’ची वेगवान दुहेरी सांगाड्याची नौका मुंबई-गोवा सात-आठ तासांत जाऊ लागली, तीही काही वर्षांतच थांबली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली आणि समुद्राची गरज सरली असे सर्वांना वाटले.

त्यानंतर वीस वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, याच मार्गावर एक विलासनौका अवतरली. तिचे नाव ‘आंग्रिया’. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, पाण्याखाली वीसेक मीटरवर प्रवाळांचे एक विस्तीर्ण पठार आहे. त्याला आंग्र्यांच्या नावावरून ‘आंग्रिया बँक’ म्हणतात, आणि नौकेचे नाव त्यावरून आले. जपानमध्ये बांधलेली ही नौका पर्यटनासाठी सजविण्यात आली होती. तिच्यावर एकशे चार खोल्या होत्या. मराठी माणसाने मराठी नावाची विलासनौका मुंबई-गोवा मार्गावर आणली, याचा आनंद सर्वत्र झाला आणि तो रास्त होता. पण तिचे वेळापत्रक पाहावे. संध्याकाळी मुंबई सोडावयाची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोवा गाठावयाचे. जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग ही सारी बेटे व दुर्ग अंधारात मागे पडत. ज्यांच्या नावाची नौका, त्या आंग्र्यांचा किनारा उतारूंच्या झोपेत सरून जाई. मधल्या बंदरांत थांबावे अशी इच्छा असली तरी धक्का कोठे होता? २०२० च्या महामारीत फेऱ्या थांबल्या आणि ‘आंग्रिया’ पुन्हा त्या मार्गावर परतली नाही.

येथे जगाच्या दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. नॉर्वेचा किनारा आपल्या कोकणासारखाच खाड्यांनी चिरलेला आणि बेटांनी भरलेला आहे. तेथे १८९३ साली टपाल, माल आणि प्रवासी नेणारी आगबोट सेवा सुरू झाली. तिचे नाव ‘हुर्टिग्रुटेन’, म्हणजे जलद मार्ग. बर्गेन ते किर्केनेस या टप्प्यात तिच्या बोटी चौतीस बंदरे घेतात. काही बंदरांत त्या पाऊण तासही थांबत नाहीत. मासळीच्या पेट्या उतरतात, शेजारच्या गावी निघालेली आजीबाई चढते, आणि त्याच बोटीच्या वरच्या मजल्यावर जगभरातून आलेले प्रवासी काचेआडून बर्फाचे डोंगर पाहत बसलेले असतात. तिकडेही रस्ते झाले, पूल झाले, विमाने आली. पण तेथील सरकारने बंदरांची साखळी तुटू दिली नाही; सेवेला ठरावीक मदत दिली आणि सेवा देणाऱ्या कंपन्यांना सगळी बंदरे घेण्याचे बंधन घातले. परिणाम असा की गरजेची बोट हीच पुढे हौसेची बोट झाली आणि तिची गणना जगातील नावाजलेल्या सागरी सफरींत होऊ लागली.

आपल्याच देशात लक्षद्वीपचे उदाहरण आहे. १९५६ मध्ये केंद्रशासित झालेल्या या द्वीपसमूहाची जहाजे कोचीहून निघतात ती मुख्यतः तेथील रहिवाशांसाठी. विद्यार्थी, रुग्ण, नोकरदार, धान्य आणि औषधे नेणे हे त्यांचे काम. त्याच ‘एम. व्ही. कवरत्ती’ जहाजावर पर्यटकांसाठीही ‘समुद्रम्’ नावाची पाच दिवसांची सफर आखली गेली. रात्र जहाजावर आणि दिवस कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय या बेटांवर, अशी तिची रचना होती. महाराष्ट्रातील आणि सीमाभागातील अनेक कुटुंबांनी ती केली. तीत चैन बेताची होती, पण बेटावरची माणसे आपल्या घरी निघालेली पाहावयास मिळत. बेट म्हणजे केवळ वाळू आणि माड नव्हेत, ते कोणाचे तरी गाव आहे, हे समजण्यास यापेक्षा चांगला मार्ग नाही.

या दोन्ही उदाहरणांवरून मला जे दिसते ते असे. केवळ हौसेवर उभी राहिलेली नौका एका संकटात कोसळते. लोकांच्या नित्य गरजेवर उभी राहिलेली नौका हौसेचाही भार वाहते. आपल्या किनाऱ्यावर गरजेची बोट होती. तिची बंदरे होती, तिचे पडाव होते, पाणी ओळखणारे खलाशी आणि तांडेल होते. आपण तिला जुनी म्हणून जाऊ दिले. बंदरे गाळाने भरली आणि किनाऱ्याकडे पाहण्याची आपली दृष्टीही मंदावली. मग वीस वर्षांनी विलासनौका आली तेव्हा तिला टेकावयास जागा नव्हती. जे आपल्या घरी फुकट होते, ते आता आपण विमानाने परमुलखात जाऊन भरपूर पैसे देऊन घेतो.

विमानाने दूरच्या बेटांवर जाऊ नये असे मी म्हणणार नाही. ज्याला शक्य आहे त्याने जरूर जावे. सृष्टी पाहण्याचा उत्साह साठीनंतरही टिकावा, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या प्रवासापूर्वी किंवा नंतर एकदा आपल्या बंदराकडेही उतरावे. बेळगावकरांनी वेंगुर्ल्याच्या दीपगृहाच्या टेकडीवरून ते दूरचे खडक पाहावेत. निपाणीकरांनी देवगड-कुणकेश्वरला जावे आणि वाकडी वाट करून विजयदुर्ग पाहावा. मालवणात उतरून होडीने सिंधुदुर्गावर जावे. त्याच्या भोवतालच्या पाण्यात प्रवाळ आहे, आणि १९८७ पासून तो भाग सागरी अभयारण्य म्हणून राखलेला आहे. ती होडीची दहा-पंधरा मिनिटे म्हणजे जुन्या आगबोटीच्या मार्गाचा उतारूंना अजून मोकळा असलेला एक तुकडा होय.

आणखी एक काम आहे, आणि ते आपल्यासारख्या जुन्या घराण्यांनीच करण्यासारखे आहे. आगबोटीने प्रवास केलेली शेवटची पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. कोणत्या बंदरात पडाव कसा लागे, भाडे किती होते, सोबत शिदोरी कोणती असे, वेंगुर्ल्यास उतरल्यावर घाट चढण्यास काय वाहन मिळे, हा तपशील सरकारी गॅझेटियरमध्ये सापडत नाही. तो घरच्या वहीत, पत्रांत आणि वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात आहे. तो येत्या पाच-दहा वर्षांत लिहून ठेवला नाही तर पुन्हा मिळणार नाही. आपल्या मंडळाने या कामी एखादे टिपणवही सुरू केले तर घाटमाथ्याच्या या विस्मृत बंदराचा इतिहास निदान कागदावर तरी शिल्लक राहील. राज्यांच्या सीमा बदलल्या, रूळ बदलले, बोटी गेल्या; पण दोन्ही रस्त्यांची नावे अजून कोणी बदललेली नाहीत, आणि ती आपल्याला समुद्राकडेच नेतात.